दार उजवीकडे असलेले विमान

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी कधी स्टुडिओत उभे राहून फोटो काढून घेतला असेल, तर माझ्या जातीच्या कोणाकडे तरी तुम्ही पाठ केलेली आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या कामाचे स्वरूपच तसे आहे. मी फोटो स्टुडिओतला एक जुना रंगवलेला पडदा आहे. उंची नऊ फूट, रुंदी बारा फूट. पिठाची अठरा सुती पोती उसवून, धुऊन, एकमेकांना शिवून मला तयार केले गेले. मागच्या बाजूने पाहिले तर पिठाच्या गिरणीचे नाव अजून अठरा वेळा पुसट वाचता येते. पण मागच्या बाजूने पाहायला कोणी येत नाही, आणि पुढच्या बाजूने पाहणारे किती, हा माझ्या आयुष्यातला खरा प्रश्न आहे.

आन्लोगा गावाच्या एका बाजूला समुद्र आहे, दुसऱ्या बाजूला खाडी. मधल्या वाळूत लहान तांबड्या कांद्यांचे वाफे आहेत आणि त्या वाफ्यांच्या कडेला डोग्बेचा स्टुडिओ. पाटीवर लिहिले होते: ‘थांबा आणि बघा’. पाटी रंगवणाऱ्या आग्बोत्सूनेच मला रंगवले. त्याचे मूळ काम होड्यांवर नावे घालण्याचे. डोग्बेने त्याला सांगितले की पडद्यावर सारे जग हवे, आणि मधोमध विमानाचा जिना हवा. आग्बोत्सू विमानात कधी बसला नव्हता. आकाशातून जाताना त्याने ते अनेकदा पाहिले होते. त्यामुळे विमानाचे पोट त्याने अचूक काढले, बाकी सर्व अनुमान. मागे एका जुन्या कॅलेंडरावरून उतरवलेला लोखंडी मनोरा, एक झुलता पूल, सोनेरी कळसांचे देऊळ आणि बर्फाचा डोंगर. खाडी आटली की काठाला मिठाचे ढीग लागतात. बर्फ त्याने त्या ढिगांकडे बघून काढला.

“आग्बोत्सू, बर्फाच्या डोंगराखाली नारळाचं झाड?” डोग्बेने विचारले.

“जागा उरली होती, एफो. आणि माणसाला सावली नको का?” एफो म्हणजे थोरला भाऊ, आमच्याकडे वयाने मोठ्या पुरुषाला अशीच हाक मारतात.

“बर्फात सावली कशाला लागते?”

“तू गेला होतास बघायला?”

“नाही.”

“मग आपण दोघं सारखेच. ब्रश माझ्या हातात आहे, एवढाच फरक.”

खरी चूक मात्र दोघांच्याही लक्षात आली नाही. विमानाचे नाक ज्या दिशेला आहे तिकडे तोंड करून उभे राहिले, तर माझ्यावरचे दार उजव्या हाताला येते. प्रवासी चढतात ते डाव्या हाताच्या दारातून. गावात कोणीच विमानात चढलेले नसल्याने ही चूक एकवीस वर्षे अबाधित राहिली.

माझ्या कामाची पद्धत साधी होती. रंगवलेल्या सात पायऱ्यांच्या पुढे डोग्बे दोन खऱ्या लाकडी पायऱ्या शेजारी शेजारी ठेवी. माणूस त्यांवर चढून कॅमेऱ्याकडे तोंड करी. नवरी चढे, शिवणकामाची उमेदवारी पूर्ण केलेली मुलगी हातात कात्री घेऊन चढे, हातात रिकामी सूटकेस घेऊन कांदे पिकवणारे चढत. अशा फोटोंनी कोणी फसत नसे. आन्लोग्यातल्या प्रत्येकाला माझ्या तिसऱ्या पायरीवरची शिवण फोटोंतून तोंडपाठ होती. तरीही फोटो हातात आला की लोक म्हणत, “हा बघ, मी निघालो तेव्हाचा.”

मी पाहिल्या त्या पाठी. उसन्या कोटाला मागून चार चिमटे लावून तो अंगाबरोबर केलेला असे. फोटोत रुबाब येई, चिमटे माझ्या वाट्याला. समोर कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्यांची तोंडे माझ्या दिशेला असत हे खरे. पण नजर सरळ रेषेत जाते आणि वाटेत जे पहिले लागेल त्यावर थांबते. वाटेत कोणीतरी उभे असेच. माझ्यापर्यंत पोचलेली नजर पहिल्या सहा वर्षांत मी मोजली, ती शून्य.

सातव्या वर्षी जुळे आले.

त्यांची आई तळलेले मासे विकत असे. तिचे नाव गावाने केव्हाच विसरून टाकले होते. जुळ्यांच्या आईला आमच्याकडे ‘वेनो’ म्हणतात आणि मग तेच तिचे नाव होते. जो आधी जन्मला तो आत्सू, जो नंतर तो एत्से. जुळ्यांना सगळे सारखे द्यावे लागते: सारखे कपडे, पाम तेलातल्या चवळीच्या दोन सारख्या वाट्या, एकाला ओरडले तर दुसऱ्यालाही तेवढेच. त्यांच्या वाढदिवशी, म्हणजे जुळ्यांच्या दिवशी, वेनो त्यांना जेवणावरून उठवून थेट फोटोला घेऊन आली. आत्सू जिन्याच्या डाव्या बाजूला उभा राहिला, एत्से उजव्या. डोग्बे काळ्या कापडाखाली गेला. आणि आत्सू मागे वळला.

त्याने माझ्याकडे पाहिले. नुसते पाहिले नाही. हात पुढे करून दाराच्या खालच्या कोपऱ्यावर तळवा ठेवला आणि ढकलून बघितले.

“एफो, हे दार उघडतं का?”

“शाळेत पास झालास की उघडतं. तोंड इकडे कर!”

“मग तुम्ही पास झाला नाहीत वाटतं?”

वेनो हसली, आणि तिने दोघांनाही एकेक टपली दिली, कारण एकालाच देता येत नव्हती. एत्सेने डोके चोळत भावाकडे बघितले. त्याला ही व्यवस्था नेहमीच अन्यायाची वाटे. आत्सूच्या तळव्याला पाम तेल लागलेले होते. जमिनीपासून सव्वातीन फुटांवर, पाच बोटांसह, त्याचा तांबूस डाग माझ्यावर राहिला. पाम तेलाचा डाग निघत नाही, हे स्वयंपाकघरात सिद्ध झालेले आहे.

दोन वर्षांनी आत्सूला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सगळे संपले. पण असे आमच्याकडे कोणी बोलत नाही. जुळ्यांपैकी एक गेला तर ‘मेला’ हा शब्द उच्चारायचा नसतो. नाहीतर मागे राहिलेल्याचेही मन इथून उडते असे मानतात. म्हणायचे एवढेच: लाकडं आणायला गेलाय. मी या समजुतीचा बराच विचार केला आहे. आमच्या वाळूत जळणाजोगे झाड उगवत नाही आणि लाकडांसाठी फार लांब जावे लागते; तिच्यात तपासून घेता येईल असे सत्य एवढेच. मोळी घेऊन परत आलेला मी तरी कोणी पाहिला नाही.

पुढच्या जुळ्यांच्या दिवशी वेनो एकट्या एत्सेला घेऊन आली.

“एफो डोग्बे, दोघांचा फोटो हवा.”

डोग्बेने मान खाजवली. “वेनो, तो येऊ दे की. आला म्हणजे...”

“त्याला वेळ लागेल. फोटो आजच हवा. एकट्याचा काढला तर दुसरा रुसेल.”

“अगं, पण मी कुठून—”

“मी दोनदा उभा राहतो,” एत्से म्हणाला. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता.

डोग्बेने बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून अर्धे वर्तुळ कापले. भिंगाची एक बाजू त्याने झाकली, एत्सेला उजव्या पायरीवर उभे केले आणि अर्धा फोटो घेतला. मग फिल्म न सरकवता पुठ्ठा दुसऱ्या बाजूला लावला, एत्सेला डावीकडे नेले, आणि त्याच फिल्मवर उरलेला अर्धा घेतला. या युक्तीत जादू काही नाही. अट मात्र एक आहे. मधल्या वेळात पडद्याने हलता कामा नये. खाडीवरून वारा आत आला, मी दोन बोटे सरकलो आणि त्या पहिल्या फोटोत विमानाला मधोमध दोन पंख आले. वेनोने ते पाहिलेही नाही. तिची नजर दोन मुलगे होते तिथेच थांबली.

दुसऱ्या वर्षापासून डोग्बे माझ्या खालच्या बांबूला दोन दगड बांधू लागला. मित्रांनो, स्थिर राहणे हे काम आहे असे कोणाला वाटत नाही. पण तेरा वर्षे, दर वर्षी एक दिवस, कॅमेऱ्याच्या झडपेच्या दोन उघडझापींमधली तीन-चार मिनिटे मी श्वास रोखावा तसा उभा राहिलो, आणि त्यामुळे आत्सू वाढत गेला. दहा वर्षांचा झाला, बारा वर्षांचा झाला, त्याला मिसरूड फुटले. डावीकडे जाताना एत्से टोपी तिरकी करी, कारण आत्सू तशी घाली.

“याला एकदाही कांदे खणावे लागले नाहीत,” सोळाव्या वर्षी फोटो हातात घेऊन एत्से म्हणाला, “आणि दिसतोय बघ माझ्याइतकाच दमलेला. नाटकी!”

“मोठ्या भावाला असं बोलतात?” वेनो म्हणाली.

“अर्ध्या तासाचा मोठा!”

“अर्धा तास तर अर्धा तास. माफी माग.” आणि एत्सेने हसत हसत हातातल्या फोटोची माफी मागितली.

बाविसाव्या वर्षी त्याला हॅम्बुर्गच्या बंदरावर काम मिळाले. निघण्यापूर्वी तो दोनदा उभा राहिला आणि या वेळी त्याच्या सूटकेसमध्ये खरोखर कपडे होते. तीन पत्रे आली. पहिले डोग्बेने स्टुडिओत मोठ्याने वाचून दाखवले. “आई, एफो डोग्बेंना सांग, विमानाचं दार डावीकडे असतं, मी उजवीकडे जाऊन उभा राहिलो तर लोक हसले. आणि बर्फ मिठासारखा नाही. मीठ हातात राहतं.”

डोग्बे ओशाळला. आग्बोत्सू तेव्हा हयात नव्हता. तो असता तर ‘तू गेला होतास का’ हा प्रश्न त्याला परत घ्यावा लागला असता.

“वेनो, हे दार मी पुसून दुसऱ्या बाजूला काढून घेतो. कोणाकडून तरी.”

“हात लाव, म्हणजे बघ. दार आहे तिथेच राहील.” ती डागाकडे बघत नव्हती, पण बोट तिने तिकडेच केले होते. “एक इथून बाहेर पडला, दुसरापण इथूनच. परत आले म्हणजे दार कुठे शोधतील?”

तिसऱ्या पत्रानंतर चौथे आले नाही. नऊ वर्षे आले नाही. हॅम्बुर्गहून सुटीवर आलेल्या माणसांना वेनोने विचारले. कोणी म्हणाले तो दुसऱ्या शहरात गेला, कोणी म्हणाले जहाजावर गेला. एकाचेही म्हणणे दुसऱ्याशी जुळत नव्हते, म्हणून मी कोणाचेच धरत नाही. नळावर एक बाई बोलली, “एत्सेपण गेला असेल लाकडं...” वेनोने कळशी खाली ठेवली. “तुझ्या चुलीत आहेत ना लाकडं? मग माझ्या लाकडांची काळजी सोड.” ते वाक्य तिच्यापुढे पुन्हा कोणी पूर्ण केले नाही.

याच काळात माझेही दिवस फिरले. शेजारच्या शहरात तासाभरात रंगीत फोटो धुऊन देणारे यंत्र आले, डोग्बेचे गुडघे गेले आणि स्टुडिओला कुलूप लागले. मला घडी घालून अंगणात नेले गेले. काढलेल्या कांद्यांवर दव पडू नये म्हणून मी पांघरला जाई. घड्यांच्या रेषांवर रंगाला भेगा पडल्या. बर्फाच्या डोंगरावर कोंबड्या बसत. एकेकाळी साऱ्या जगाला मागे उभे करणारा मी, आता माझ्या खाली फक्त कांदे होते, आणि त्यांनाही माझ्याविषयी कुतूहल नव्हते. वर्षातून एक दिवस, जुळ्यांच्या दिवशी, वेनो येई, डोग्बेकडून कुलूप काढून घेई, मला जुन्या खिळ्यांवर टांगायला लावी, ओल्या फडक्याने दोन्ही लाकडी पायऱ्या पुसून ठेवी आणि निघून जाई. फोटो नाही. पायऱ्या तेवढ्या स्वच्छ.

अशाच एका दिवशी दुपारी गोरी बाई आली. गोऱ्या माणसाला आम्ही येवू म्हणतो. तिचे नाव मार्गित. देशोदेशी फिरून ती स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यांचे फोटो काढत होती. लोक न पाहिलेले जग कसे रंगवतात, हा तिच्या पुस्तकाचा विषय. शाळेतली शिक्षिका सेलाली तिच्यासोबत दुभाषी म्हणून आली होती. मार्गितने माझा नारळ पाहिला, बर्फ पाहिला, आणि ती एवढी खूश झाली की तिला मीच हवा झालो. तिकडच्या एका मोठ्या शहरात भिंतीवर टांगायला.

“घेऊन जा म्हणावं,” डोग्बे म्हणाला. “इथे कोंबड्या घाण करतात. तिथे निदान काच तरी लावतील याला.”

वेनो फडके पिळत होती. ती थांबली. “आणि मग पोरं उभी कुठे राहणार?”

सेलालीने ते भाषांतर करून सांगितले. मार्गितने भिंतीवरच्या जुळ्यांच्या शेवटच्या फोटोकडे बघून विचारले, “हे दोघे? आता कुठे आहेत?”

“हा परदेशी गेलाय,” वेनोने उजवीकडचा दाखवला. मग डावीकडचा. “आणि हा लाकडं आणायला.”

सेलालीने शब्दाला शब्द ठेवून सांगितले. दुसरे काय सांगणार? मार्गितचा चेहरा उजळला. तिने घड्याळ पाहिले, खिडकीतून येणारे ऊन पाहिले. “मग आपण थांबू ना! तो येईपर्यंत. याच पडद्यापुढे त्याचा आजचा फोटो काढता येईल. प्रकाश अजून दोन-तीन तास राहील.”

सेलाली गोंधळली. “वेनो, तिला कळलं नाहीये. मी नीट समजावून सांगते, की लाकडं म्हणजे...”

“थांब,” वेनो म्हणाली. “काही सांगू नकोस. थांबायचं म्हणते ना ती? थांबू दे.”

तिने स्वतः जाऊन एक स्टूल आणून मार्गितला दिले. दुसरे आपल्यासाठी. घरून अक्प्ले, म्हणजे मक्याच्या पिठाचे घट्ट शिजवलेले गोळे, आणि भेंडीचा रस्सा आला. मार्गित हाताने खाताना चारही बोटे रश्श्यात बुडवत होती. “लहान मूल बरं हिच्यापेक्षा,” वेनो सेलालीला म्हणाली, “पण खाते मनापासून.” मग दोघी शेजारी शेजारी स्टुडिओच्या उघड्या दाराकडे तोंड करून बसल्या. कोणी वाटेने आले की मार्गित मान उंच करी. “हा?” ती विचारी. वेनो मान हलवी. नाही.

मित्रांनो, मी पुराव्याशिवाय विधान करत नाही. पण हे मी स्वतः पाहिले आहे: आत्सू गेल्याला तेवीस वर्षे झाली होती, आणि तेवीस वर्षांत त्याची वाट बघायला वेनोसोबत दुसरे माणूस बसले, ते या दुपारी पहिल्यांदा. चुकून बसले, हे मान्य.

ऊन खिडकीच्या चौकटीवरून सरकत बाहेर जाऊ लागले. मार्गित उठली. तिने हळूच सांगितले, “नाही आला.”

“लांब आहे ना,” वेनो म्हणाली. तिने हातातले फडके घडी करून बाजूला ठेवले. “दोघंही लाकडं आणायला गेलेत.”

सेलालीने भाषांतर केले नाही. डोग्बे काठी टेकत जागेवरून उठला आणि उगाचच परत बसला. जे वाक्य नऊ वर्षे तिने गावात कोणाला पुरे करू दिले नव्हते, ते तिने स्वतः पुरे केले होते.

“एफो डोग्बे,” वेनो म्हणाली, “दोघांचा फोटो काढ.”

“वेनो...”

“उठ. प्रकाश चाललाय. आणि पडदा कुठे जाणार नाही, तेही तिला सांग.”

मार्गितच्या पिशवीतली फिल्म आमच्या जुन्या कॅमेऱ्यात बसली. बिस्किटांच्या खोक्याचे अर्धे वर्तुळ खणात तसेच होते, कडा कुरतडलेल्या. डोग्बेने माझ्या बांबूला दगड बांधले. गुडघ्यांमुळे त्याला वाकता येईना, तेव्हा सेलालीने गाठी मारल्या. त्याने भिंगाची एक बाजू झाकली.

“उजवीकडे,” तो सवयीने म्हणाला.

उजव्या पायरीवर कोणी चढले नाही. त्याने झडप उघडली, मिटली. पुठ्ठा फिरवला.

“डावीकडे. टोपी...” आणि त्याने झडप पुन्हा उघडली.

खाडीवरून वारा आला होता. मी हललो नाही. वेनो कॅमेऱ्याच्या बाजूला उभी होती, तिथे ती नेहमीच उभी राहत आली होती. तिची नजर निघाली. वाटेत कोणी नव्हते. ती पायऱ्यांवरून वर आली, दाराच्या खालच्या कोपऱ्यापाशी, सव्वातीन फुटांवर थांबली, आणि बराच वेळ तिथेच राहिली. आत्सूनंतर त्या दारापर्यंत पोचलेली ही दुसरी नजर. झडप मिटल्यावरही ती हलली नाही.

सेलालीने नंतर मार्गितला सगळे सांगितले असावे. कारण मार्गितने मला पुन्हा मागितले नाही. गेली तेव्हा तिने स्टूल उचलून जागेवर ठेवले. काही महिन्यांनी पाकिटातून त्या फोटोची मोठी प्रत आली. त्यात विमान आहे, मनोरा आहे, नारळ आहे, दोन स्वच्छ पायऱ्या आहेत. दोन अर्ध्यांच्या मधली शिवण शोधून सापडत नाही. इतके अचूक काम मी पूर्वी कधी केले नव्हते, आणि त्यात पाहण्यासारखे कोणी नाही.

वेनोने मला आपल्या घरी नेले. तिच्या खोलीच्या भिंतीवर मी पुरा मावत नाही. पूल आणि देऊळ गुंडाळलेले आहे, विमान आणि दार उघडे आहे. ती मासे तळून येते, समोर बसते, जेवते. कधी बोलते, ते माझ्याशी नव्हे. चवळीच्या वाट्या दोनच भरते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे काही असेल तर एवढे करा. घडी घालू नका. घडीवर रंग तुटतो. गुंडाळायचेच असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे भेगा मिटणार नसल्या तरी वाढणार नाहीत. डाग काढण्यापूर्वी तो कोणाचा आहे हे विचारा. आणि वर्षातून एखाद्या दिवशी, आमच्यापुढे कोणी उभे नसताना, आमच्याकडे बघून घ्या. खरोखर तिथे कोणी नाही, एवढी खात्री करण्यापुरते तरी.